गिरजाचं मीठ आणि चांदीची पट्टी

चामोर्शीच्या आठवडी बाजारात मासे विकणाऱ्या बायांच्या ओळीत गिरजा बसायची. गिऱ्हाइकानं माशाचा कल्ला उचलून पाहिला की गिरजा गिऱ्हाइकाचं तोंड पाही. मासा ताजा की शिळा हे कल्ल्याच्या रंगावरून कळतं. माणूस शहाणा की बावळट हे गिरजाला तोंडावरून कळे, आणि तिचा निकाल बहुधा एकच असे.

गावचे सरपंच तिच्या लेखी पागोटं घातलेला भोपळा होते. शेजारची चंदा म्हणजे नुसती वाजणारी घागर. अंगणवाडीतली नवी बाई हळू बोलते म्हणून अर्धवट, आणि जुनी बाई मोठ्यानं बोलायची म्हणून पूर्ण. गिरजानं कुणाला बरं म्हटल्याचं गावात कुणाच्या ऐकण्यात नव्हतं. लोक तिच्यापुढे फार बोलतच नसत. त्याचाही अर्थ तिनं सोयीचा लावला होता, की बोलायला त्यांच्याजवळ काही नाहीच.

तिचा नवरा इस्तारी गावच्या तलावात मासे धरायचा. पाण्यात तो राजा होता. काठावर आला की गिरजाचा नवरा होई. त्यानं जाळं फेकलं की ते हवेत ताटासारखं गोल उघडे आणि सगळीकडून एकदम पाण्याला टेके. काठावर उभी राहून पाहणारी माणसं वाहवा करत. गिरजा म्हणे, "जाळं गोल पडलं, मासे त दोनच निघाले. गोल काय चाटाचं हाय का?"

उन्हाळ्यात तलाव आटला. अशा वेळी ढीवर, म्हणजे मासेमारीवर जगणारे लोक, जाळं बाजूला ठेवतात आणि गुडघाभर चिखलात वाकून हातानंच मासे चाचपतात. इस्तारी तसाच चाचपत होता. चिखलात शिंगी दडून होती. या माशाच्या पंखाशी एक काटा असतो आणि तो विषारी असतो. तो काटा इस्तारीच्या उजव्या तळहातात, मधल्या बोटाच्या मुळाशी, आतवर शिरला.

हात धरून तो घरी आला तेव्हा गिरजा मासे साफ करत होती.

"काय झालं?"

"शिंगीनं मारलं."

"मले वाटलं वाघानं," गिरजा म्हणाली, आणि चुलीवर पाणी ठेवलं.

गिरजाच्या घरात जखमेला एकच औषध होतं. कोमट पाणी आणि त्यात मूठभर मीठ. सासूनं ते तिला शिकवलं होतं, सासूला तिच्या सासूनं. त्यामागचा विचारही पक्का होता. कापून मीठ लावलेला मासा उन्हात पडून राहतो आणि सडत नाही. मग मीठ लावलेला हात का सडेल? वर्षानुवर्षं मासे खारवून वाळवणाऱ्या घरात याहून मोठा पुरावा कुणी मागत नाही. शिवाय किरकोळ कापलं-खरचटलं तर त्या पाण्यानं जखम धुऊन निघायची आणि बरी व्हायची. त्यामुळे मिठाची पत वाढत गेली होती.

पण या काट्यानं तलावाचा सगळा चिखल सोबत नेऊन हाताच्या आत ठेवला होता. मिठाचं पाणी वरच राहिलं. हात सुजला, तळवा लाल झाला, मग निळसर, आणि एक दिवस त्याला वास येऊ लागला. तो वास गिरजाला ओळखीचा होता. असा वास आलेला मासा ती बाजारात नेत नसे.

त्याच आठवड्यात बाजारात बिरजू नावाचा माणूस आला. मोटारसायकलवर पाटी, गळ्यात माइक आणि समोर निळ्या बाटल्यांची रास.

"नॅनो पानी," बिरजू ओरडत होता. "परदेशातली नॅनो चांदी. शुगर, गठिया, मूळव्याध, फोडं, जखमा. दोन थेंब सकाळी, दोन संध्याकाळी."

गर्दी जमली होती. गिरजा टोपल्यातला एक मऊ पडलेला मासा शेपटीला धरून उठली आणि थेट त्याच्यासमोर गेली.

"भाऊ, जखम बरी होते म्हनता?"

"कोणतीबी जखम, बाई."

"मंग याच्यावर टाका दोन थेंब. काल मेला. उठून नाई बसला तरी चालते, नुसता वास गेला तरी मी साऱ्या बाटल्या घेतो."

लोक हसले. बिरजूनं माइकचा आवाज वाढवला. गिरजानं मासा त्याच्या बाटल्यांवर ठेवला आणि ती आपल्या जागेवर येऊन बसली. त्या दिवशी नॅनो पाणी फारसं खपलं नाही. गिरजाच्या डोक्यात मात्र एक गोष्ट कायमची बसली: नॅनो म्हणजे लबाडी.

पुढच्याच दिवशी इस्तारीला ताप चढला आणि त्याला मोठ्या दवाखान्यात न्यावं लागलं.

तिथले डॉक्टर संघपाल तरुण होते, बोलायला सरळ होते. त्यांनी जखम उघडली, पू काढला, मेलेलं मांस कापलं आणि थोडा पू तपासायला पाठवला. तपासणीचा निकाल आला तेव्हा त्यांनी नवरा-बायकोला समोर बसवलं.

"यातले जंतू चिवट आहेत," डॉक्टर म्हणाले. "नेहमीच्या औषधांना भीक घालत नाहीत. दुसरी औषधं सुरू केली आहेत. पण जखमेच्या तोंडाशीही यांना मारावं लागेल. हाडापर्यंत गेले तर बोट काढावं लागेल. तिथेही थांबले नाहीत तर हात."

औषधाला भीक न घालणाऱ्या जंतूंबद्दल गिरजाला क्षणभर आदर वाटला. मग तिनं इस्तारीच्या उजव्या हाताकडे पाहिलं. त्या हातानं जाळं फेकलं जातं. तो गेला तर इस्तारीचं पाणी गेलं, आणि पाण्याबाहेरचा इस्तारी काय असतो हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं?

डॉक्टरांनी एक चौकोनी पट्टी काढली. राखाडी, जरा निळसर, कापडासारखी.

"ही चांदीची पट्टी. नॅनो सिल्व्हर. हिच्यातून..."

पुढचं गिरजाला ऐकू गेलं नाही. तिनं डॉक्टरांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. पांढरा कोट, चष्मा, खिशाला पेन. बिरजूजवळ मोटारसायकल होती, याच्याजवळ टेबल, एवढाच फरक.

"हा बी नॅनोवाला," बाहेर आल्यावर ती इस्तारीला म्हणाली. इस्तारी दुखरा हात सांभाळत पुढे चालू लागला. तो सहसा बोलत नसे.

गावच्या उपकेंद्रात रिना नावाची नर्स होती, कुरखेड्याकडची. घरी येऊन पट्टी बदलण्याचं काम तिच्याकडे आलं. तिनं पट्टी जखमेवर बसवली, वर जाळीचं कापड गुंडाळलं आणि गिरजाच्या हातात पाण्याची एक बाटली दिली.

"काकू, ही पट्टी वाळू द्याची नाई. वाळली का तिचं काम थांबते. हे पानी वरून थोडं थोडं टाकाचं. फक्त हेच."

"काय हाय याच्यात?"

"काहीच नाई. शुद्ध पानी."

गिरजानं बाटली उजेडात धरून पाहिली. "काहीच नाई" हे तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. असं कबूल करणारी माणसं विरळा, असं तिला वाटलं, आणि तिनं मान हलवली.

रिना गेल्यावर गिरजानं बाटलीतलं पाणी कोंबड्यांच्या परळात ओतलं. मग चुलीवर पाणी ठेवलं, मूठभर मीठ टाकलं आणि पट्टी ओली ठेवायचं काम इमानेइतबारे सुरू केलं. सकाळ, दुपार, संध्याकाळ. पट्टी वाळू द्यायची नाही म्हणाली ना ती? गिरजानं तिला वाळू दिली नाही. इस्तारी दातओठ आवळून बसे. बाटली रिकामी होत होती, म्हणून रिनालाही शंका आली नाही. ती नवी बाटली देई, आणि कोंबड्या दवाखान्याचं शुद्ध पाणी पीत.

जखम मात्र सुधारेना. रिना पट्टी उचले, जखम पाही आणि कपाळाला आठ्या घाली. जखमेच्या कडेची कातडी राखाडी झाली होती. चांदीनं ती तशी होते, पण गिरजाला ते सडणं वाटलं. तिनं मूठभर मिठाची दीड मूठ केली. डॉक्टरांनी फोनवर रिनाला सांगितलं, "येत्या तपासणीला असंच दिसलं तर बोट काढू. थांबणं धोक्याचं आहे."

त्या तपासणीच्या आधी रिना पट्टी बदलायला आली तेव्हा ऊन कडक होतं आणि इस्तारी अंगणात खाटेवर बसला होता. हातावरची जाळी उन्हानं वरून वाळली होती. तिच्या काठाला पांढरी बारीक खरपुडी धरली होती. रिनानं नखानं ती खरडली. अंगणातच दोरीवर वाळत असलेल्या माशांच्या अंगावर तशीच पांढरी खरपुडी होती. रिनानं एकदा माशांकडे पाहिलं, एकदा हाताकडे.

"काकू, हे काय होय?"

"मीठ."

"कोनं टाकलं?"

"सासूनं त नाई टाकलं. ते मेली."

"मी सांगतलं होतं नं, फक्त बाटलीतलं पानी?"

"सांगतलं. त्याच्यात काहीच नाई, हे बी सांगतलं. पान्यानंच बरं होनार असतं त यांचा जन्म तलावात गेला, कवाच बरे झाले असते."

रिना खाली बसली. तिचा चेहरा लाल झाला होता. "काकू, चांदीच्या आयनची क्लोराइडसोबत रिअॅक्शन होते, मंग ते अॅक्टिव्ह राहत नाई..."

"हे बिरजूच्या माइकवर बोल," गिरजा म्हणाली. "तिथी गर्दी भेटन."

रिनानं नखातली खरपुडी झटकली. मग ती अगदी हळू म्हणाली, "डॉक्टर म्हनले, बोट कापा लागन. परवाच्या तपासनीले."

अंगणात कोंबड्या परळाशी चोची मारत होत्या. गिरजानं इस्तारीकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

"अजी," ती म्हणाली, "तुमाले मीठ जळत नोहोतं का?"

"जळे."

"या पोरीनं नको म्हनलं होतं, हे तुमी आयकलं होतं?"

"आयकलं होतं."

"मंग बोलले काऊन नाई?"

इस्तारीनं खाटेची दोरी बोटानं चाचपली. चिखलात मासा चाचपावा तशी.

"तू हसली असती," तो म्हणाला.

एवढंच म्हणाला. त्यात तक्रार नव्हती. उद्या ऊन पडेल असं सांगावं तसं तो म्हणाला. हातचा हात गेला असता आणि हा माणूस बसून राहिला असता, कारण बायको हसेल. गिरजानं तोंड उघडलं. तिच्याजवळ या बोलण्यावर देण्यासारखी निदान दहा उत्तरं होती, एकाहून एक धारदार. त्यांतलं एकही बाहेर आलं नाही. ती उठली आणि कोपऱ्यात पाट्याजवळ जाऊन बसली. तिथे सकाळचे चिरलेले मासे तसेच पडले होते आणि शेजारी खडेमिठाची पिशवी. हाताला काम हवं म्हणून तिनं मूठभर खडे पाट्यावर टाकले आणि वरवंटा फिरवू लागली.

रिना थोडा वेळ खाटेजवळ थांबली. मग ती येऊन गिरजाच्या समोर बसली. या वेळी तिनं मोठे शब्द आणले नाहीत.

"काकू, खडे तसेच काऊन नाई लावत? वाटून काऊन राह्यल्या?"

गिरजानं वर पाहिलं. असला प्रश्न विचारणाऱ्या माणसाबद्दल तिला काय वाटतं हे तिच्या डोळ्यांत दिसलं, आणि त्यानं तिला जरा बरंही वाटलं.

"तुह्या मायनं काही शिकवलं नाई का तुले? खडा माशावरून गडगडते. इथी एक, तिथी एक. मधात सडते. बारीक केलं त अंगभर बसते, चिरेत जाते."

"मीठ त तेच राह्यते."

"तेच राह्यते. वजन बी तेच. पर खडा माशाले लागते किती? टेकला तेवढाच. त्याचाच भुगा केला त सारा माशाले लागते, कन न् कन."

"म्हंजे तेवढंच मीठ, पर काम जास्त."

"आता कळलं तुले."

"मले आधीच ठावं होतं," रिना म्हणाली. "तुमाले ठावं हाय का नाई ते पाहून राह्यली होती. पट्टीत चांदी हाय नं, ते अशीच हाय. खडा नाई, भुगा. पाट्यावर होत नाई इतका बारीक. एक केस घ्या, त्याचे उभे हजार तुकडे करा, त्याच्यातला एक. इतक्या बारीक भुग्यालेच नॅनो म्हनतेत. बाकी काही नाई."

वरवंटा थांबला.

"बस?"

"बस."

"मंग भुगा म्हना लागत होतं नं."

"पट्टी ओली राह्यली का तो भुगा हळूहळू पान्यात सुटते, जखमेच्या चिरेत जाते अन् जंतूची कातडी फोडते. पर त्याच पान्यात मीठ असलं का चांदी मिठाले चिकटते. दोघं बी एकमेकाले धरून तिथीच बसून जातेत. पांढरा गाळ होते. पुढं जाचं राहूनच जाते."

गिरजानं विचार केला. "म्हंजे बाजारात निंघालेली बाई. रस्त्यात मैतरीन भेटली, दोघी गोठी करत बसल्या, मासे टोपल्यातच सडले."

रिनाला हसू आलं. "तसंच."

"जखमेत बी खारटपना राह्यतेच नं? रगत खारट असते."

"राह्यते. तेवढ्याले पुरून उरन इतकी चांदी पट्टीत घातली हाय. तुमच्या दीड मुठीचा हिशेब कंपनीनं केला नोहोता."

गिरजा पाट्यावरच्या मिठाकडे पाहत राहिली. तिच्या सासूचं मीठ खोटं नव्हतं. चांदीही खोटी नव्हती. दोन खऱ्या गोष्टी एका वाटीत घालून तिनं त्यांचा चिखल केला होता.

"अन् बिरजूचं?"

"त्यानं कुठून तरी नाव उचललं. बाटलीत काय हाय हे त्याले बी ठावं नसन. खरी चांदी असली तरी प्याची वस्तू होय का ते?"

"ते मले पहिल्या दिवशीच दिसलं होतं," गिरजा म्हणाली. निदान तेवढा निकाल तिच्या बाजूनं लागला होता. मग ती थांबून म्हणाली, "डॉक्टरनं असं काऊन नाई सांगतलं?"

"सांगत होते. तुमी आयकत होत्या का?"

गिरजा उठली. तिनं हात धुतले, दोनदा, मिठाचा कणही राहू नये म्हणून, आणि रिनाला म्हणाली, "नवी पट्टी बांध. अन् डॉक्टरले फोन लाव. थांबाले सांग."

डॉक्टर आधी नाही म्हणाले. मग रिनानं मिठाची सगळी हकिगत सांगितली. शेवटी ते म्हणाले, रोज जखमेचा फोटो पाठवा. लाली मनगटाकडे सरकली किंवा ताप आला तर त्याच क्षणी घेऊन या, मग मी काही ऐकणार नाही.

त्यानंतर गिरजाच्या तोंडाला आयुष्यात पहिल्यांदा नेमून दिलेलं काम मिळालं. गाव जखमी माणसाला भेटायला येतं ते मोकळ्या हातानं येत नाही. चंदा कसल्याशा पाल्याचा लगदा घेऊन आली. गिरजा दारातच आडवी आली. "ठेव, रातच्याले भाजी करतो." कुणी चुलीची राख सुचवली. "तुह्या डोक्यातून काढून आनली का?" पोंभुर्ण्याहून आलेल्या इस्तारीच्या मावसभावानं, वारलूनं, बिरजूची निळी बाटलीच खिशातून काढली. गिरजानं ती घेतली आणि त्याच्या देखत परळात ओतली. कोंबड्यांनी त्या पाण्याला तोंड लावलं नाही. दवाखान्याच्या पाण्यावर पोसलेल्या कोंबड्या होत्या त्या.

स्वतः मात्र ती बाटलीतलं पाणी पट्टीवर थेंब थेंब टाकी. सांडलेला थेंबसुद्धा तिला खपत नसे. मीठ वाटायचं काम तिनं अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला नेलं.

जखमेचा वास गेला. पिवळं जाऊन खालून लाल, ओलं, नवं मांस दिसू लागलं. तपासणीला डॉक्टरांनी बोट दाबून पाहिलं, वाकवून पाहिलं आणि चष्मा काढला.

"बोट राहील," ते म्हणाले. "गोळ्या संपवा. पूर्ण वाकणार मात्र नाही. बोट वाकवणारी आतली दोरी थोडी खाल्ली गेली आहे. आधी थांबवता आलं असतं तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं.

गिरजा इस्तारीला घेऊन निघाली. दाराशी जाऊन मात्र ती वळली. "डॉक्टर, एक सांगू? तुमी नॅनो म्हनू नका. भुगा म्हना."

"भुगा म्हटलं तर लोक विश्वास ठेवणार नाहीत, बाई."

"नॅनो म्हनलं त मी ठेवला का?"

पाऊसपाण्यानं तलाव भरल्यावर इस्तारी पुन्हा पाण्यात उतरला. गिरजा जेवणाचा डबा घेऊन काठावर उभी होती. त्यानं जाळं खांद्यावर घेतलं, अंग वळवलं आणि फेकलं. ताठ राहिलेल्या बोटात एक दोरी क्षणभर अडकली. जाळं उघडलं, पण गोल नाही. एका बाजूनं ते दुमडलं आणि फाटक्या छत्रीसारखं पाण्यावर पडलं. काठावरच्या माणसांनी वाहवा केली नाही. कुणी तरी खोकललं.

इस्तारीनं मागे वळून बायकोकडे पाहिलं आणि वाट पाहत उभा राहिला.

गिरजाच्या जिभेवर छत्री आली होती. ती तिनं तिथेच मिटली. "मासे निंघाले का पाहा," ती म्हणाली. "गोलाचं काय करता."

निघाले. फार नव्हते, पण निघाले.

दोघं जांभळाच्या सावलीत जेवायला बसले. इस्तारीनं डाव्या हातानं डबा धरला, उजव्यानं घास घेतला, चावला, आणि मग घास तोंडात तसाच ठेवून थोडा वेळ बसला. लग्न झाल्यापासून तो या बाईच्या हातचं गुपचूप गिळत आला होता.

"गिरजा," तो म्हणाला, "भाजीत मीठ जास्त झालं."

गिरजानं त्याच्याकडे पाहिलं. तिच्या भाजीला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं. तिनं डब्यातली भाजी बोटावर घेऊन चाखली आणि बराच वेळ घोळवली.

"झालंच," ती म्हणाली. "कवापासून होते?"

"पहिल्यापासून," इस्तारी म्हणाला, आणि पाण्याचा तांब्या तिच्याकडे सरकवला.